सहलप्रमुख

प्रत्येक माध्यमिक शाळेत एक सहलप्रमुख असतो. मुख्याध्यापक बदलतात, संस्थेचे अध्यक्ष बदलतात, पाठ्यपुस्तकं बदलतात. सहलप्रमुख बदलत नाही. दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली की पहिल्याच सभेत मुख्याध्यापक विचारतात, "यंदा सहलीचं कोण बघणार?" हा प्रश्न आला की निम्मे शिक्षक पंख्याकडे बघतात, निम्मे स्वतःच्या बुटांकडे. सहलप्रमुख तेवढा घसा खाकरतो आणि म्हणतो, "यंदा मला जमायचं नाही. गुडघा धरलाय. आता तरुणांनी पुढं यावं." हे बोलताना त्याच्या मांडीवर गेल्या वर्षीच्या सहलीची फाइल उघडलेली असते. तरुण शिक्षक एका सुरात सांगतात की सरांच्या अनुभवाला तोड नाही. ठराव एकमताने मंजूर होतो, चहा येतो, आणि चहा संपायच्या आत सरांनी आगारप्रमुखांना लिहायच्या पत्राचा मसुदा तयार केलेला असतो.

सहलप्रमुख कोणत्याही विषयाचा चालतो, पण बहुधा तो भूगोलाचा, इतिहासाचा नाहीतर पीटीचा निघतो. आमच्या बार्शी तालुक्यातल्या शाळेतला भूगोलाचा आहे. वय पन्नाशीच्या पुढं, अंगात बिनबाह्यांचा स्वेटर, डोक्याला कानटोपी, गळ्यात शिट्टी आणि काखेत रेक्झिनची काळी पिशवी. शिट्टी एरवी पीटीच्या सरांची. सहलीपुरती ती मागून घेतली जाते आणि तेवढे चार दिवस पीटीचे सर चारचौघांसारखे दिसू लागतात. पिशवीत अव्होमिनच्या गोळ्या, ओवा, आवळा सुपारी, लिंबं, आयोडेक्स, सेफ्टी पिना, सुतळीचा बंडल, बॅटरी, कॅरीबॅगांचं पुडकं आणि मुलांच्या यादीच्या सहा झेरॉक्स प्रती असतात. सहा प्रती कशाला, असं एकदा नव्याने लागलेल्या बाईंनी विचारलं. सर म्हणाले, "एक आगाराला, एक शाळेला, एक गाडीत, एक तुमच्याकडं, एक माझ्याकडं आणि एक हरवायला."

शाळेची सहल म्हणजे पाच टक्के प्रवास आणि पंच्याण्णव टक्के कागद, असं त्याचं मत आहे आणि ते त्याने फाइलीच्या जाडीवरून बनवलेलं आहे. एसटी महामंडळ शाळेच्या सहलीला प्रासंगिक करारावर गाडी देतं आणि भाड्यात ५० टक्के सवलत देतं. या अर्ध्या भाड्यासाठी सहलप्रमुख पुरा महिना आगारात खेटे घालतो. शिवाय शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी, पालकांची संमतीपत्रं, प्रत्येकाच्या गळ्यात ओळखपत्र, दर दहा मुलांमागे एक शिक्षक, मुलींबरोबर शिक्षिका. पाण्यापाशी नेऊ नका, कड्यापाशी नेऊ नका, रात्रीचा प्रवास करू नका. ही सगळी नियमावली त्याला तोंडपाठ आहे आणि तिची चेष्टा केलेली त्याला खपत नाही. त्यातला एकेक नियम कुठे ना कुठे काही तरी घडल्यावर आलेला आहे, हे तो जाणून असतो. फक्त एका कलमाचा अर्थ तो आपल्या सोयीने लावतो. पहाटे पाच म्हणजे रात्र नव्हे, असं त्याचं ठाम म्हणणं आहे.

तर डिसेंबरातली ती पहाट. गाडी पाचला सुटणार म्हणून मुलांना चारला बोलावलेलं, आणि मुलं साडेतीनपासूनच मैदानावर हजर. एरवी दहाच्या प्रार्थनेला रोज मागच्या दाराने येणारी पोरं आज आंघोळ करून, तेल चोपडून, भांग पाडून उभी. प्रत्येकाबरोबर किमान दोन माणसं आणि तीन पिशव्या. एका पिशवीत कपडे, दुसरीत अंथरूण आणि तिसरी खाण्याची. चार दिवसांच्या सहलीसाठी आयांनी जे बांधून दिलेलं असतं, त्यात वाटेत लागणाऱ्या दोन-तीन गावांचं जेवण सहज झालं असतं. दशम्या, धपाटी, शेंगाची चटणी, तिखट पुऱ्या, बेसनाचे लाडू, चिवडा. आणि सगळ्यात वर, हाताशी लागावं म्हणून, कुरकुऱ्यांची माळ.

सहलप्रमुख शाळेच्या पायरीवर चढून शिट्टी मारतो. सूचना सुरू होतात. "सूचना क्रमांक एक. खिडकीतून डोकं, हात, वही, चप्पल, काहीही बाहेर काढायचं नाही. सूचना क्रमांक दोन. अंगावर दागिना नको. सूचना क्रमांक तीन. मोबाइल आणलेला असेल तर आत्ता काढून द्या, नंतर सापडला तर सहल संपेपर्यंत मिळणार नाही." तीन पोरं एकमेकांकडे बघतात. मोबाइल कुणीच काढत नाही. "सूचना क्रमांक चार. प्रत्येकाने आपापला जोडीदार लक्षात ठेवायचा. जोडीदार दिसला नाही की ताबडतोब सांगायचं." जोड्या आदल्या दिवशीच लावलेल्या असतात आणि त्या लावण्यात सहलप्रमुखाचं सगळं मानसशास्त्र पणाला लागलेलं असतं. वर्गात सगळ्यात दांडगट मुलाला सगळ्यात चुगलखोर मुलाबरोबर बसवायचं, हे त्याचं सूत्र. ते कधी फसल्याचं मी पाहिलेलं नाही.

अकरा क्रमांकाची सूचना चालू असताना गाडी आत येते आणि बाराव्या सूचनेला श्रोता उरत नाही. लाल रंगाची ती साधी गाडी, तिच्यातून वर्षभर हीच पोरं लोंबकळत येतात. आज मात्र दार उघडण्यापूर्वीच खिडकीतून रुमाल, टोप्या, पाण्याच्या बाटल्या टाकून जागा धरल्या जातात. महाराष्ट्रात एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे-नगर मार्गावर धावली. रुमाल टाकून जागा धरायचा शोध त्या दिवशी संध्याकाळपर्यंत लागला असावा, असा माझा अंदाज आहे. सहलप्रमुख आत चढतो, सगळे रुमाल गोळा करतो आणि यादीप्रमाणे मुलं बसवतो. खिडकी ज्याला मिळाली तो जिंकलेला, न मिळालेला आयुष्यातून उठलेला. सातवीतला एक लुकडा मुलगा चक्क रडायला लागला. सरांनी त्याला सांगितलं, "पंढरपूरनंतर अदलाबदल करू." हे वचन सर दर वर्षी देतात. पंढरपूर येतं आणि जातं.

मग ड्रायव्हरमामा चाकापुढे नारळ फोडतात, खोबऱ्याचे तुकडे वाटले जातात, गणपतीबाप्पाचा आणि पुंडलिकाचा गजर होतो, खाली उभ्या असलेल्या दोन-तीन आया डोळ्यांना पदर लावतात. सहलप्रमुख दारापासून शेवटच्या बाकापर्यंत जातो, प्रत्येक डोक्याला बोट लावत. "अडतीस." ही त्या दिवसातली पहिली मोजणी. त्याच्या तोंडून दिवसभरात दुसरा कोणताही शब्द इतक्या वेळा निघत नाही. कुणी तब्येत विचारली तरी तो अडतीस असंच सांगेल, इतका तो आकडा त्याच्या अंगात भिनलेला असतो.

गाडी गावाबाहेर पडते आणि सहलीचा शैक्षणिक भाग सुरू होतो. सहलीचा अहवाल पाठवायचा असतो, त्यात मुलांना काय माहिती दिली हे लिहावं लागतं, म्हणून सर माहिती देतात. कुर्डुवाडी जवळ आली तेव्हा बाहेर मिट्ट काळोख होता. सर उभे राहिले, एका हाताने वरची दांडी धरली. "मुलांनो, आपण आता बार्शी लाइट रेल्वेच्या प्रदेशातून चाललो आहोत. अडीच फुटांची नॅरोगेज. १८९७ साली बार्शी ते बार्शी रोड, म्हणजे आत्ताची ही कुर्डुवाडी, अशी सुरू झाली. १९०६ ला पंढरपूरपर्यंत गेली, १९११ ला लातूरला पोहोचली आणि १९२७ ला मिरजेला. कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरचं हे काम. आता सगळी ब्रॉडगेज झाली. म्हणजे आजचा आपला मिरजेपर्यंतचा रस्ता त्या जुन्या गाडीच्या सोबतीनंच जातो." हे सगळं अगदी बिनचूक होतं. फक्त मागे अडतीसच्या अडतीस मुलं माना टाकून झोपलेली होती आणि जागे होते ते एकटे ड्रायव्हरमामा. ते म्हणाले, "माझा आजा होता त्या रेल्वेत पॉइंट्समन." पुढचा अर्धा तास बार्शी लाइट रेल्वेचा उरलेला इतिहास मामांनी सरांना सांगितला. अहवालात तो मुलांना सांगितला असा गेला.

उजाडताना पंढरपूर आलं. दर्शनाला थांबलो तर दुपार इथेच होईल म्हणून लांबूनच हात जोडायचे असं ठरलेलं. गाडी थांबली, मुलं उतरली, अंग आखडून नदीच्या दिशेने उभी राहिली. बाईंनी हरिपाठातलं काही म्हणायला घेतलं, मुलांनी डोळे मिटले. सरांचे उघडे. सगळ्यांनी डोळे मिटलेले असताना मोजायला फार सोपं जातं, असं त्यांनी मला हळूच सांगितलं.

इथून पुढे सहलीच्या पहिल्या दिवसाचा एक अटळ प्रसंग असतो. पहाटेपासून पोरांनी उपाशीपोटी नारळाचं खोबरं, त्यावर कुरकुरे, त्यावर दोन लाडू, त्यावर जोडीदाराच्या डब्यातली पुरी आणि त्यावर पंढरपूरच्या टपरीवरचा गोड चहा असा थर लावलेला असतो. गाडी सांगोल्याच्या रस्त्याला लागते. मागच्या बाकावरची चाकाच्या वरची सीट उडायला लागते. आणि मग एक मुलगा अचानक गप्प होतो. नवखा शिक्षक म्हणेल, बरं झालं गप्प बसला. सहलप्रमुखाला गप्प बसलेलं पोर सगळ्यात धोक्याचं वाटतं. तो पुढच्या बाकावरून उठतो, चालत्या गाडीत एकही दांडी न धरता चौदा सेकंदांत मागे पोहोचतो, आणि पोराच्या तोंडापुढे कॅरीबॅग उघडून धरतो. वेळ इतकी अचूक की त्या मुलालादेखील आपल्याला उलटी होणार आहे हे पिशवी दिसल्यावर कळतं. मग सर पिशवीला गाठ मारतात, लिंबू कापून त्याच्या हातात देतात, पाठीवरून हात फिरवतात आणि बाकीच्यांना दम भरतात, "त्याच्याकडं कुणी बघायचं नाही. बाहेर बघा." बाहेर बघतात न बघतात तोच दुसरा गप्प होतो. हे प्रकरण साथीचं आहे. सांगोला येईपर्यंत सहा पिशव्या आणि नऊ लिंबं खर्ची पडली आणि पीटीच्या सरांनी सातवं लिंबू स्वतःसाठी मागून घेतलं.

उलट्या ओसरल्या की गाडीत जान येते. सांगोल्याची पाटी दिसली तसा पोरांनी झाडी-डोंगाराचा तो प्रसिद्ध संवाद एका दमात म्हणून घेतला. खिडकीबाहेर डाळिंबाच्या बागा होत्या, हेही सरांनी सांगितलं, पण ऐकलं कुणी नाही. मग भेंड्या. मुलं विरुद्ध मुली. मुलींना दीडशे गाणी येतात आणि मुलांना चार, त्यामुळे मुलं हरल्यावर नियमांवर वाद काढतात. निकाल द्यायला सरांना बोलावलं जातं. सर कुठलंही गाणं ओळखत नाहीत. रफीच्या पुढे त्यांचं संगीत सरकलेलं नाही. ते दोन्ही बाजूंना समान गुण देऊन मोकळे होतात. मिरज आली तेव्हा त्यांनी सतारी आणि तंबोरे कुठे तयार होतात ते सांगितलं. मुलांना खिडकीतून फक्त दवाखान्यांच्या पाट्या दिसत होत्या. एका मुलाने विचारलं, "सर, इथं लोक आजारी पडायला येतात का गाणं शिकायला?" सर म्हणाले, "दोन्ही. बस खाली."

दुपारी जेवण कणेरी मठावर. कोल्हापूरजवळचं हे सिद्धगिरीचं ग्रामजीवन संग्रहालय म्हणजे शाळांच्या सहलींची पंढरीच. जुन्या काळचं गाव तिथे सिमेंटच्या माणसांनी उभं केलेलं आहे. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, विहिरीवर मोट, बैलगाडी, पाटावर बसून जेवणारं कुटुंब, सगळं इतकं हुबेहूब की समोरची माणसं आता हलतील असं वाटावं. पुण्या-मुंबईची मुलं ते बघून थक्क होतात. आमची मुलं रोज सकाळी म्हशीची धार काढून शाळेत येणारी. ती अडीचशे किलोमीटर लांब येऊन सिमेंटची म्हैस बघत होती. आठवीतल्या एकीने कासेला हात लावणाऱ्या बाईचा पुतळा नीट निरखला आणि म्हणाली, "सर, ही अशी बसली तर लाथ खाईल." दुसरा एक सिमेंटच्या नांगराजवळ बराच वेळ उभा होता. काय बघतोस म्हणून विचारलं तर म्हणाला, "आमचा विकला, तो असाच होता." सरांनी त्याचं म्हणणं ऐकून घेतलं, त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्याच हाताने पुढचे तिघे मोजले.

त्या दिवशी मठाच्या वाहनतळावर सहलीच्या बऱ्याच गाड्या होत्या. सगळ्या लाल. सगळ्यांतून पांढरा शर्ट आणि खाकी पँटची पोरं उतरलेली. प्रत्येक गाडीपाशी एक कानटोपी, एक शिट्टी. एका शिट्टीला चार शाळा रांगेत उभ्या राहत होत्या. जेवणं झाली, हात धुतले, सरांनी मुलं गाडीत भरली, दारापासून शेवटच्या बाकापर्यंत बोट फिरवलं. "अडतीस. चला मामा." गाडी पुणे-बंगळूर महामार्गाला लागली. सर समाधानाने टेकून बसले, दिवसभरात पहिल्यांदाच.

दहा मिनिटांनी मागून चुगलखोर जोडीदारांपैकी एकाचा आवाज आला. "ओ सर, ह्यो आपला न्हाई."

सगळे वळले. शेवटून दुसऱ्या बाकावर एक गुबगुबीत मुलगा आमच्या बाईंनी वाटलेली चकली खात निवांत बसलेला. सरांनी नाव विचारलं. नाव आमच्या यादीत नव्हतं. गाव विचारलं. गाव आमच्या जिल्ह्यात नव्हतं. "इथं कसा आलास?" तर म्हणाला, "गाडीत गाणी चालू होती." सरांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला, पण तो या मुलामुळे नव्हे. तोंडी हिशेबाला ते पक्के आहेत. हा जास्तीचा धरून अडतीस भरत असतील, तर आपले सदतीसच. सरांनी यादी काढली आणि या वेळी नावं वाचली. खिडकीसाठी रडलेला सातवीतला तो लुकडा गाडीत नव्हता.

चकलीवाल्याच्या गळ्यातल्या ओळखपत्राच्या मागे त्यांच्या सरांचा मोबाइल नंबर होता. आमच्या सरांनी स्पीकर लावून फोन केला. पलीकडचा आवाजही तसाच, घोगरा, शिट्ट्या मारून बसलेला.

"सर, तुमचा एक मुलगा आमच्या गाडीत आलाय."

"शक्य नाही. आमचे चाळीस बरोबर आहेत. आत्ताच मोजले."

"परत मोजा."

पलीकडे बोट फिरल्याचं इकडे ऐकू येत होतं. "चाळीस. बरोबर आहेत."

आमचे सर एकदम उसळून म्हणाले, "अहो, नुसते मोजू नका. तोंडं बघा!"

थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग तिकडून अगदी हळू आवाज आला, "तुमचा खिडकीत बसलाय."

गोकुळ शिरगावच्या अलीकडे एका पेट्रोल पंपावर दोन्ही गाड्या थांबल्या. दोन्ही सहलप्रमुख उतरले. मी दोघांकडे बघत राहिलो. तीच कानटोपी, तोच बिनबाह्यांचा स्वेटर, तीच काळी पिशवी. त्यांच्या पिशवीची चेन तुटलेली होती एवढाच फरक. मुलांची अदलाबदल झाली. दोघांनी आपापली यादी काढून एकमेकांच्या यादीवर सही केली. ती कशासाठी हे दोघांनाही सांगता आलं नसतं, पण सहीशिवाय मुलगा देण्या-घेण्याची दोघांनाही सवय नव्हती. मग ओशाळलेपण गेलं आणि खरं बोलणं सुरू झालं. मुक्काम कुठं, गरम पाणी मिळतं का, जेवण माणशी कितीला ठरलं, उलट्या किती झाल्या. आमच्या सरांनी त्यांना दोन लिंबं दिली, त्यांनी आमच्या सरांना कॅरीबॅगांचं पुडकं. लुकड्याला कुणी काही बोललं नाही. बाईंनी फक्त विचारलं, "अरे, आपली गाडी नाही हे कळलं नाही का तुला?" तो म्हणाला, "कळलं होतं. पण तिकडं खिडकी मिळाली होती." सर काही न बोलता उठले, पुढच्या बाकावरची स्वतःची खिडकीची जागा त्याला दिली आणि उरलेला रस्ता उभ्यानेच काढला.

संध्याकाळी अंबाबाईचं देऊळ. वाटेत सरांनी किरणोत्सवाची माहिती दिली. नोव्हेंबरात आणि जानेवारीअखेर मावळत्या सूर्याची किरणं थेट गाभाऱ्यात शिरतात आणि देवीच्या पायांपासून वर चढत जातात. हे सांगताना त्यांचा आवाज खरोखर हलला. रांगेत दीड तास गेला. देवीसमोर प्रत्येकाला जेमतेम दोन क्षण मिळतात. सरांनी ते दोन्ही देवीकडे पाठ करून घालवले, कारण मुलं बाहेर पडायचा दरवाजा त्या बाजूला होता. बाहेर आल्यावर बाईंनी विचारलं, "दर्शन झालं का सर?" सर म्हणाले, "अडतीस झालं. तोंडं बघून."

मग खरेदी. पोरांचे पैसे प्लास्टिकच्या बंदुका, गॉगल आणि टिकल्यांच्या पाकिटांत उडवून झाले होते. चप्पल लाइनीत नववीतली एक मुलगी एका दुकानापाशी घुटमळत होती. तिच्या मुठीत सुतळीचा एक तुकडा होता, त्याला एक गाठ. वडिलांच्या पायाचं माप. पायात काय घालणार म्हणून विचारलं की ते नको म्हणतात, म्हणून ती त्यांच्या झोपेत माप घेऊन आली होती. दुकानदाराने जोड दाखवला, साडेसहाशे सांगितले. तिच्याकडे पाचशे. सहलप्रमुखाने पिशवी खाली ठेवली. एरवी चहाच्या बिलात दोन रुपये कमी करून घेण्यासाठी जे कौशल्य वापरलं जातं, ते सगळं त्या दुकानात पणाला लागलं. पट्टा उलटा करून बघितला, शिवण बघितली, चामडं वाकवून बघितलं, दोनदा दुकानाच्या बाहेर पडून परत आले. शेवटी दुकानदार म्हणाला, "सर, घ्या. तुमच्यासारखी दोन गिऱ्हाइकं आली तर दुकान बंद करावं लागेल." पाचशेत जोड पिशवीत पडला. सर बाहेर आले आणि लगेच शिट्टी मारली, कारण तेवढ्या वेळात चौघं दिसेनाशी झाली होती. ती समोर उसाच्या रसाच्या गाड्यावर सापडली. रस पिऊन झालेला होता. सरांनी उरलेल्या कॅरीबॅगा मोजून घेतल्या.

रंकाळ्याला नियमाप्रमाणे पाण्यापासून लांब, फुटपाथवरून दर्शन. तिथून मुक्कामाच्या कार्यालयात. जेवण, सतरंज्या, चादरींची वाटणी. मुली बाईंबरोबर वरच्या मजल्यावर, मुलं खाली हॉलमध्ये. साडेदहाला दिवे मालवले. अंधारात कुणी तरी मांजराचा आवाज काढला, मग कुत्र्याचा, मग अकरा जणांनी मिळून पूर्ण गोठा उभा केला. सरांनी दिवा लावला तर सगळे गाढ झोपेत. मालवला तर परत म्हैस. तीन मोबाइल याच सुमारास चादरीखालच्या उजेडावरून सापडले.

आणि नेमक्या याच वेळी पालकांचे फोन सुरू होतात. त्याने स्वेटर घातलाय का? ती जेवली का? आमच्याला रात्री उठायची सवय आहे, जरा उठवाल का? एका वडिलांनी तर सव्वाअकराला फोन करून विचारलं, "पोरगा फोन उचलत नाही, सगळं ठीक आहे ना?" ज्या मुलाने मोबाइल आणलेलाच नाही असं सकाळी छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, त्याचाच तो बाप. सरांनी सगळ्यांना एकच उत्तर दिलं, "झोपलाय. उद्या पन्हाळा." मग दारात आडवी सतरंजी टाकली. कुणाला बाहेर जायचं झालं तर सरांना ओलांडूनच जावं लागेल अशी. आडवं होण्यापूर्वी पाठमोऱ्या डोक्यांवरून एकदा बोट फिरवलं आणि वहीत दिवसाचा खर्च लिहिला. लिंबं, नऊ. दिलेली, दोन.

सहलप्रमुख या माणसाविषयी माझं मत आता पक्कं झालेलं आहे. त्याच्याइतका महाराष्ट्र फिरलेला माणूस शाळेत दुसरा नसतो, आणि त्याच्याइतका कमी महाराष्ट्र पाहिलेलाही नसतो. पन्हाळ्याच्या अंबरखान्यातली गंगा, यमुना, सरस्वती ही तिन्ही कोठारं तो वर्गात फळ्यावर काढून दाखवतो. आतून त्याने दोनच पाहिलीत, कारण तिसऱ्याच्या दाराशी त्याची मोजणी असते. पन्हाळा २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला तेव्हा शाळेत पेढे वाटले. सर पेढा खाऊन म्हणाले, "आता गर्दी वाढणार." त्याला प्रवासभत्ता नावापुरता मिळतो, आभाराच्या भाषणात त्याचं नाव ड्रायव्हरमामांच्या नंतर येतं, आणि सहलीच्या फोटोत तो कधीच नसतो, त्या वेळी तो कॅमेऱ्याच्या मागे उभा राहून फोटोत अडतीस जण आलेत की नाही हे बघत असतो. त्याच्या शिट्टीला हसावं, सूचनांना हसावं, कानटोपीला तर जरूर हसावं. पण अडतीस मुलं घेऊन गेलेली गाडी चौथ्या रात्री अडतीस मुलं घेऊन परत येते, ती नारळाने येत नाही.

म्हणून पालकांना एवढीच विनंती. यंदा मुलाची सहल निघेल तेव्हा वर्गणी मुदतीत भरा. डब्यात निम्मंच द्या. ओळखपत्राच्या मागे नंबर स्वच्छ अक्षरात लिहा. आणि रात्री साडेदहानंतर सरांना फोन करू नका. काही झालं असेल, तर ते स्वतःच करतील.